परगावी बिऱ्हाड करताना

मुलाला किंवा मुलीला परगावी नोकरी लागल्याचे कळते, देवापुढे दिवा लागतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री पानावर बसल्यावर घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, "पण राहायचे कोठे?" प्रश्न साधा दिसतो. खोलीचे भाडे किती, ठेव किती, कचेरी किती दूर, एवढ्यावर त्याचे उत्तर मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात ज्या गल्लीत माणूस बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पहिले बिऱ्हाड करतो, त्या गल्लीवर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. तो कोणती भाषा शिकतो, कोणाच्या घरी जेवतो, कोणाला भितो आणि कोणाविषयीचे भय त्याच्या मनातून कायमचे जाते, हे बरेचसे त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरून जाते.

या प्रश्नाचा विचार करण्यास हुबळी आणि धारवाड ही जोडगावे फार सोयीची आहेत. दोहोंमध्ये अंतर सुमारे २० किलोमीटरांचे. १९६२ साली ती एका महापालिकेखाली आली आणि २०११ च्या शिरगणतीत त्यांची एकत्रित लोकसंख्या ९ लाख ४३ हजारांवर भरली. २०१४ पासून हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी असे झाले असले, तरी मराठी माणसाच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे. धारवाडला कर्नाटक विद्यापीठ १९५० साली मुंबईहून आले, कृषि विद्यापीठ १९८६ साली निघाले, उच्च न्यायालयाचे खंडपीठ २००८ साली बसले, आय. आय. टी. २०१६ साली सुरू झाली. हुबळीला वैद्यकीय महाविद्यालय १९५७ चे. नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय २००३ पासूनचे. म्हणजे शिकण्यासाठी, परीक्षांच्या तयारीसाठी, इस्पितळात, रेल्वेत किंवा कारखान्यात उमेदवारी करण्यासाठी कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगाव, कारवार या बाजूंची मुलेमुली तेथे जात राहणार, हे उघड आहे. आणि ती जाताना घरचे लोक पहिल्याप्रथम आठवू लागतात, की तेथे आपले कोण आहे?

कोणी तरी निघतेच. मावशीच्या सासरचे कोणी हुबळीस असतात, वडिलांचा जुना सहकारी धारवाडास स्थायिक झालेला असतो. हुबळीत मराठा गल्ली आहे, धारवाडात मराठा कॉलनी आहे. "तेथेच जवळपास खोली बघ, आपल्या माणसांत राहशील," असा सल्ला मिळतो. या सल्ल्याची थट्टा करणे सोपे आहे. परंतु तो अनुभवातून आलेला असतो. पहिल्याच आठवड्यात ताप आला तर पेज करून देणारे माणूस लागते. पगार महिन्याच्या अखेरीस होणार, ठेव मात्र आधी द्यायची. तेव्हा "याचे पैसे बुडणार नाहीत" असे सांगणारा कोणी लागतो. मुलगी असेल तर आईबापांच्या मनातील धाकधूक निराळी. तेव्हा पहिले दोन-तीन महिने ओळखीच्या आसऱ्याने काढण्यात काही गैर नाही, उलट शहाणपणच आहे.

आपल्या माणसांतील बिऱ्हाडाचा दोष एवढाच, की ते फार लवकर पुरेसे वाटू लागते. वाणी मराठी समजतो, मेसवाल्या काकू मराठी बोलतात, गणपतीला वर्गणी मागायला येणारी मुले मराठी असतात. पाच-पाच वर्षे अशा रीतीने राहून बाजारात दर विचारण्यापुरते 'एष्टु' आणि नको म्हणण्यापुरते 'ब्याड', अशा दोन शब्दांच्या भांडवलावर दिवस काढणारे तरुण हुबळीत पाहावयास मिळतात. गावाने त्यांना काही शिकवले नाही असे नव्हे. त्यांनी गावाला तशी संधीच दिली नाही.

याचा तोटा केवळ मनाच्या कोतेपणात मोजावयाचा नाही. तो रोख रुपयांतही मोजता येतो. धारवाडच्या सप्तापूर किंवा मालमड्डी भागात, हुबळीच्या विद्यानगर किंवा केशवापूर भागात सकाळी पायी हिंडले, तर कित्येक फाटकांवर पुठ्ठ्याची किंवा पत्र्याची लहानशी पाटी अडकवलेली दिसते. तिच्यावर कन्नड अक्षरांत लिहिलेले असते, 'मने बाडिगेगे इदे'. मने म्हणजे घर, बाडिगे म्हणजे आपले भाडेच. घर भाड्याने देणे आहे, एवढाच मजकूर. ज्याला ती अक्षरे लागत नाहीत त्याच्या लेखी ते घर रिकामे नसतेच. त्याला तेवढीच घरे दिसतात, जी ओळखीचा मनुष्य दाखवतो, दलाल दाखवतो किंवा मोबाईलवरील जाहिरात दाखवते. म्हणजे जो आपल्या लोकांच्या वस्तीत राहतो तो पुष्कळदा आपण होऊन तेथे राहिला, असे म्हणता येत नाही. बाकीचे गाव त्याला वाचताच येत नव्हते. कन्नड वर्णमाला देवनागरीसारखीच, अ-आ-इ-ईच्या आणि क-ख-ग-घच्या क्रमाने चालणारी आहे. वळणे तेवढी निराळी. रोज अर्धा तास दिला, तर महिन्याभरात दुकानांच्या पाट्या आणि बसगाडीवरील गावांची नावे अडखळत का होईना, लागू लागतात. घर शोधण्याची ही पहिली पायरी फारसे कोणी सांगत नाही.

पाटी वाचता आली म्हणजे घर मिळाले, असे मात्र कोणी समजू नये. दार उघडणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "याव ऊर्री?" म्हणजे गाव कोणते. हा प्रश्न निरुपद्रवी आहे. तो आपल्याकडेही विचारतात. दुसरा प्रश्न कधी उघड येतो, कधी आडून. आडनाव विचारले जाते, मांसाहार चालतो का हे विचारले जाते, घरी कोणत्या देवाची पूजा असते येथपर्यंत चौकशी जाते, आणि मग "आताच एकाने ठेव देऊन ठेवली आहे" असे सांगितले जाते. ही रीत हुबळी-धारवाडचीच आहे असे नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूर येथल्या श्रोत्यांपैकी ज्यांनी स्वतःचे घर भाड्याने दिले असेल, त्यांनी आपण भाडेकरूला काय काय विचारले ते आठवून पाहावे. ज्याचे नाव दारावर खटकत नाही, त्याला मिश्र वस्तीत राहावे की न राहावे याची निवड करता येते. ज्याचे नाव खटकते, त्याला ती निवड नसते. तो जेथे दार उघडते तेथे राहतो, आणि मग लोक म्हणतात, हे लोक आपापल्यातच राहतात. तरुणांना मिश्र वस्तीचा उपदेश करणाऱ्यांनी ही बाजू डोळ्यांआड करणे हा अप्रामाणिकपणा ठरेल.

एकाच गल्लीत अनेक जातिधर्मांची घरे असणे आणि त्या घरांत शेजारधर्म असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. गंगूबाई हनगल यांचा जन्म १९१३ साली धारवाडचा. त्यांचे बालपण शुक्रवार पेठेत गेले, आणि त्या पेठेत उच्चवर्णीयांची घरेही होती. नकाशावर पाहिले तर वस्ती मिश्रच. लहानपणी त्यांनी एका सधन शेजाऱ्याच्या बागेतील आंबे काढले. पुढे त्या सांगत, की चोरी केल्याचा त्या घराला तेवढा राग आला नाही. गाणारणीच्या मुलीने बागेत पाऊल टाकले, याचा आला. कीर्ती मिळाल्यावर त्याच लोकांनी त्यांना आदराने घरी बोलाविले. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींपुढे गायला गेलेल्या या मुलीच्या मनात, जेवणानंतर आपल्याला उष्टी काढायला सांगतील की काय, अशी धास्ती होती. पुढे हे कुटुंब गाण्याच्या शिक्षणासाठी हुबळीस आले. तेथून कुंदगोळला आगगाडीने जाऊन त्या सवाई गंधर्वांपाशी शिकल्या. सवाई गंधर्व जातीने ब्राह्मण, त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ मुसलमान. त्याच सवाई गंधर्वांकडे गदगचे भीमसेन जोशी शिकले आणि मुंबईचे पारशी फिरोज दस्तूरही शिकले. शुक्रवार पेठेत भिंतीला भिंत लागून जे मिळाले नाही, ते कुंदगोळच्या शिकवणीत मिळाले. एका कामात माणसे गुंतली म्हणजे शेजार आपोआप घडतो, नुसते अंतर कमी असल्याने घडत नाही.

हुबळीच्या मध्यभागी असलेल्या ईदगाह मैदानाचा वाद देशभर गाजला. १९९४ च्या ऑगस्टात तेथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली. जमीन महापालिकेची, असा निर्णय २०१० साली सर्वोच्च न्यायालयातून कायम झाला. २०२२ साली तेथे गणपती बसविण्यावरून पुन्हा प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, मोबाईलवर टाकलेल्या एका चित्रावरून जुन्या हुबळीत दगडफेक झाली. आणि याच जुन्या हुबळीत सिद्धारूढ स्वामींचा मठ आहे, जेथे नाना जातींच्या, नाना भाषांच्या माणसांची रीघ लागते आणि त्यांत मराठी भाविक पुष्कळ असतात. एवढे सगळे एकाच गावात आहे. तेव्हा 'हे गाव सर्वांना सामावून घेणारे' किंवा 'हे गाव तंट्याचे' अशी एका शब्दात परीक्षा करणारांचे न ऐकता, नवख्याने गल्ली तेवढी नीट पाहावी. गाव मिश्र असते, गल्ली बहुधा नसते. आणि राहायचे असते ते गल्लीत.

गल्ली पाहावी कशी? दलालाबरोबर दुपारी बारा वाजता जाऊन ती कळत नाही. त्या वेळी सर्वच गल्ल्या सारख्या दिसतात. सायंकाळी साडेसहाच्या सुमारास एकट्याने जावे. मुले खेळत असतील तर एकमेकांना कोणत्या नावांनी हाका मारतात ते कानावर पडते, आणि कोणाची मुले कोणात मिसळतात ते कोणालाही न विचारता समजते. कोपऱ्यावरच्या दुकानात उभे राहून गिरमिट आणि मिरची खावी. चुरमुऱ्यांचा हा चटकदार प्रकार त्या जोडगावांची खूण आहे. तो खाण्यास सगळे थांबतात, आणि दुकानदार किती भाषांत सुट्टे पैसे परत करतो हे पाहिले म्हणजे गल्लीची निम्मी शिरगणती होते. दोन वेळच्या जेवणासाठी खानावळ शोधावी. हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, आणि हुबळीची खानावळ ही स्वतंत्र संस्थाच आहे. लिंगायत खानावळीत ज्वारीची कडक रोटी, भरल्या वांग्याची एण्णेगाई, शेंगदाण्याची चटणी. सावजी खानावळीत झणझणीत मटण. एका बाकावर वकिलाचा कारकून, बसचा वाहक आणि परीक्षेला बसलेला विद्यार्थी, तिघेही एका रांगेत जेवतात. नव्या माणसाला गावात पहिली हाक बहुधा खानावळीचा मालकच मारतो.

पाण्याची चौकशी करावी. ती केवळ सोयीची बाब नाही. या जोडगावांना मलप्रभेचे आणि नीरसागर तलावाचे पाणी मिळते, आणि ते पुरवण्याची अडचण जुनी आहे. २००८ च्या सुमारास काही प्रभागांत चोवीस तास पाण्याची योजना प्रथम सुरू झाली. इतरत्र मात्र नळ येण्याचा वार लक्षात ठेवून टाक्या आणि पिंपे भरण्याची सवय लोकांना वर्षानुवर्षे लागलेली होती. जेथे पाणी रोज येत नाही तेथे ते आल्याची वर्दी कोण कोणाला देतो, नोकरीवर गेलेल्या भाडेकरूची बादली कोण भरून ठेवतो, यावरून गल्लीचा स्वभाव समजतो. घरमालकाला "शेजार चांगला आहे का?" असे विचारू नये, तो चांगलाच म्हणणार. त्याऐवजी गल्लीतील एखाद्या म्हाताऱ्या माणसापाशी बसावे आणि बोलता बोलता विचारावे, की मागे येथे मयत झाले तेव्हा खांदा द्यायला कोण कोण आले होते? हा प्रश्न अशुभ वाटेल. पण लग्नाला आमंत्रणाने जातात, मयताला आपण होऊन जातात. म्हणून तेथली हजेरी खोटी नसते. येशू ख्रिस्ताला एका शास्त्र्याने, माझा शेजारी कोण, असे विचारले तेव्हा त्याने जी गोष्ट सांगितली, तीत घायाळ माणसाजवळ थांबणारा शोमरोनी हा ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परक्या, तुच्छ मानलेल्या लोकांपैकी होता. त्याचे घर त्या रस्त्यावर होते, असे गोष्टीत कोठे म्हटलेले नाही.

आता मराठी माणसाला तेथे एक विशेष अडचण आहे, आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलणे बरे. धारवाड १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होते. त्या दिवशी ते म्हैसूर राज्यात गेले, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सीमाप्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. वाद चिघळला की दोन्ही बाजूंच्या बसगाड्यांना काळे फासले जाते, आणि त्या रात्री परगावी असलेल्या मुलाची आई झोपत नाही. हे झाले अलीकडचे. त्यामागचा इतिहास आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. पेशवाईपासून धारवाडच्या मुलखात कचेरीची आणि शाळेची भाषा मराठी होती, आणि घरची भाषा बहुसंख्यांची कन्नड होती. इंग्रजी अमलातही हीच घडी काही दशके टिकली. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या माणसांनी खटपट करून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील शाळांत कन्नडला तिची जागा मिळवून दिली. १८९० साली धारवाडास कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तो याच जागृतीतून. ज्याला एवढे ठाऊक आहे त्याला बँकेतील कारकुनाने "कन्नडात बोला" म्हटल्यावर अपमान वाटत नाही, निदान कमी वाटतो. आपल्या मातृभाषेला आपल्याच गावात दाराबाहेर उभे राहावे लागले, ही आठवण आपल्यालाही अपरिचित नाही. फक्त तेथे दाराच्या आत बसलेली भाषा आपली होती.

आणि बसगाड्यांना काळे फासले जाते त्या दिवशी कोणते बिऱ्हाड अधिक सुरक्षित? वडीलधारी मंडळी म्हणतील, आपल्या माणसांतले. तसे वाटणे साहजिक आहे. पण त्या दिवशी आपल्या माणसांजवळ बहुधा अफवाच असतात. एकाने ऐकलेली दुसरा वाढवून सांगतो. वरच्या मजल्यावरचे कन्नड कुटुंब आपले झालेले असेल, तर घरातले अण्णा बाजारात जाऊन येतात आणि सांगतात, आज स्टँडकडे जाऊ नकोस, उद्या सकाळी जा. इकडे सर्व शांत आहे. ती खरी बातमी असते. घरी फोन करताना मुलाला तीच सांगता येते.

दुसरी भीती भाषेची. मुलगा कन्नड लोकांत राहिला तर त्याची मराठी बिघडेल, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. धारवाडनेच या शंकेचे उत्तर दोन माणसांच्या रूपाने देऊन ठेवले आहे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म १८९६ चा, धारवाडचा. घरची भाषा मराठी. त्यांनी आपल्या भोवतालच्या धारवाडी कन्नडात कविता लिहिली आणि ते कन्नडचे सर्वमान्य कवी झाले. १९५८ साली साहित्य अकादेमीचे आणि १९७३ साली ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना कन्नड लेखनासाठी मिळाले. तरी मराठी सुटली नाही. त्यांचे 'संवाद' हे पुस्तक मराठीच आहे. साधनकेरीच्या काठी त्यांचे घर होते. त्याच गावात जी. ए. कुलकर्णी हे बेळगावचे गृहस्थ तरुणपणी आले आणि एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत सुमारे तीस वर्षे राहिले. 'निळासावळा' १९५९ साली निघाला, 'काजळमाया' १९७२ साली, 'पिंगळावेळ' १९७७ साली. मराठी कथेला ज्यांनी नवे वळण दिले ती ही पुस्तके लिहिणारा लेखक त्या काळात पुण्यात नव्हता, मुंबईत नव्हता, कन्नड बोलणाऱ्या गावात होता. एकाने शेजाऱ्याची भाषा आपल्या कवितेत घेतली, दुसऱ्याने आपली भाषा परक्या गजबजाटात एकट्याने जपली. दोघांपैकी कोणाचेही काही हरवले नाही. १९५० नंतरच्या काही वर्षांत तर कोंकणी घरातला एक मुलगा सिरसीहून धारवाडला येऊन कर्नाटक कॉलेजात शिकत होता, आणि १९६१ साली त्याचे 'ययाति' हे कन्नड नाटक तेथल्याच मनोहर ग्रंथमालेने प्रसिद्ध केले. तो गिरीश कार्नाड. या सगळ्यांची प्रतिभा जन्मजात होती, ती काही गल्लीने दिली नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण प्रतिभेचे सोडा; सामान्य माणसाचे कान तरी भाडे न वाढता उघडतात.

त्याहूनही जुना दाखला एका जर्मन तरुणाचा आहे. फेर्दिनांद किट्टेल १८५३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बासेल मिशनचा पाद्री म्हणून या प्रदेशात आला. मिशनचे ठाणे धारवाडला १८३७ पासून आणि हुबळीला १८३९ पासून होते. अंगणाच्या आत राहून, दुभाष्याकडून कामे करवून घेत त्याला आयुष्य काढता आले असते. त्याने लोकांत मिसळून भाषा उचलली, आणि १८९४ साली त्याचा सुमारे ७० हजार शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. आजही कन्नड विद्वान तो हाताशी ठेवतात. आलेल्या माणसाला गावाने काय दिले याचा हिशेब होतो. तो गावाला काय देऊन जातो याचा क्वचित.

धारवाडचे पेढे तरी कोणाचे? एकोणिसाव्या शतकात उत्तरेतील उन्नावहून प्लेगमुळे परागंदा झालेले एक ठाकूर कुटुंब तेथे आले आणि लाईन बझारात पेढे करून विकू लागले. आज 'धारवाडी पेढा' या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. म्हणजे परगावाहून आलेल्याचा पदार्थ कायद्यानेच गावाचा ठरला. पेढे वाटण्यापासून ज्या घरात हा प्रश्न सुरू झाला, त्या घराला हे सांगण्यासारखे आहे.

मिश्र वस्तीत राहण्याची किंमत पडते, हेही लपवून ठेवू नये. पहिले सहा महिने कंटाळवाणे जातात. विनोद समजत नाहीत. सगळे हसले की आपण मागाहून हसतो. दिवाळीचा फराळ एकट्याने खावा लागतो, आणि शेजाऱ्यांच्या सणाला किती वेळ बसावे, काय हातात न्यावे, ते कळत नाही. पहाटेची अजान, देवळातील ध्वनिवर्धक, शेजारच्या ख्रिस्ती घरातील संध्याकाळची मोठ्या आवाजातली प्रार्थना, या सर्वांनी झोप मोडते आणि अभ्यास मोडतो. स्वयंपाकाच्या वासावरून कुरबुरी होतात, त्या दोन्ही बाजूंनी होतात. मुलींना आणखी एक भार असतो: अनेक घरांची दृष्टी एकाच जिन्यावर असते, आणि प्रत्येक घराची शिस्त निराळी. कोणाच्या मते ती रात्री आठला आत हवी, कोणाच्या मते तिने नोकरीच करू नये. या बाबतीत आपल्या माणसांची वस्तीही काही कमी पडत नाही, एवढेच समाधान. मुलीने घर पाहताना जिना कोठून आहे, दाराचे कुलूप स्वतःच्या हाती राहील का, रात्री उतरण्याचा थांबा किती जवळ आहे, हे आधी पाहावे; शेजाऱ्यांचे धर्म आणि भाषा मागाहून मोजाव्यात. २०१८ च्या अखेरीस हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये 'चिगरी' नावाच्या बसगाड्या स्वतंत्र मार्गावरून धावू लागल्या. चिगरी म्हणजे हरिण. त्यामुळे धारवाडला राहून हुबळीस कामाला जाणे, किंवा उलट, हे पूर्वीपेक्षा सोपे झाले, आणि केवळ कचेरी जवळ म्हणून न आवडणारी खोली पत्करण्याचे कारण उरले नाही.

करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. हा काळ तरुणाने परीक्षेचा मानावा, पण परीक्षा गल्लीची तेवढीच आपलीही. अकरा महिन्यांत खालच्या घरातील आजींना 'अव्वा' म्हणून हाक मारता आली का? तूप मागताना 'तुप्प' म्हणावे लागते, थोरल्या बहिणीला तेथेही अक्काच म्हणतात, चहाला चहाच म्हणतात, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला निम्मी वाट आपल्याच घरातून गेल्यासारखी वाटते. आजारी पडल्यावर दार वाजवायला कोणते घर प्रथम आठवले? आणि त्या घरच्यांनी कधी आपले दार वाजवले का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर भाडे वेळेवर भरणारा पाहुणा म्हणूनच तो राहिला, असे समजावे आणि दुसरी गल्ली पाहावी किंवा त्याच गल्लीत आणखी अकरा महिने काढावेत.

जूनचा महिना असतो. धारवाडात पाऊस धरलेला असतो, रस्ते ओले, मातीचा वास. कोल्हापूरहून आलेली एक मुलगी छत्री मिटवून एका फाटकाशी थांबते आणि पाटीवरची अक्षरे बोटाने एकेक लावते: म, ने, बा, डि, गे... पुढची तिला वाचावी लागत नाहीत. ती कडी वाजवते. आतून एका बाईचा आवाज येतो, "यार्री?" मुलीने वाक्य बसमध्ये घोकलेले असते. "मनि नोडाक बंदीन्री," ती म्हणते. घर पाहायला आले आहे. दार अर्धे उघडते. बाई तिच्याकडे, छत्रीकडे, भिजलेल्या चपलांकडे पाहते.

"याव ऊर्री?"

"कोल्हापूर."

दुसरा प्रश्न ती बाई विचारील किंवा विचारणार नाही. तूर्त ती म्हणते, आत या, पाऊस आहे.